फ्रिट्झ झ्विकी आणि डार्क मॅटर : न जुळलेल्या हिशोबाची गोष्ट

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज कधी नीट बघितलंय का? फोटो इतके जीबी, व्हिडिओ इतके, अ‍ॅप्स इतकी. सगळ्याची बेरीज केली तर समजा २० जीबी येते. पण वरची पट्टी सांगते की १२० जीबी भरलेत. मग उरलेले १०० जीबी कुठे गेले? फोन त्याच्यासमोर ‘इतर’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो. आपण चिडतो, चार जुने व्हिडिओ उडवतो आणि विसरून जातो.

१९३३ साली एका माणसाला असाच हिशोब लागेना. त्याने आकाशातल्या दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहाचं वस्तुमान दोन वेगळ्या पद्धतींनी काढलं. एकदा जे दिसतं त्याची बेरीज करून, आणि एकदा त्या दीर्घिकांच्या वेगावरून. दोन उत्तरांत शेकडो पटींचा फरक आला. तो मात्र विसरून गेला नाही. जे हिशोबात आहे पण दिसत नाही, त्याला त्याने आपल्या जर्मन लेखात काळोखं द्रव्य म्हटलं. आज आपण त्यालाच डार्क मॅटर किंवा कृष्णद्रव्य म्हणतो. त्या माणसाचं नाव फ्रिट्झ झ्विकी.

त्याच्याबद्दल एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. सगळे शास्त्रज्ञ आंधळे होते, एकटा झ्विकी शहाणा होता, तो भांडखोर म्हणून लोकांनी त्याला दाबलं आणि शेवटी तोच बरोबर ठरला. एका मिनिटाच्या व्हिडिओला ही गोष्ट छान बसते. पण मी जसजसं त्याच्याबद्दल वाचत गेलो, तसतशी ती मला अर्धीच वाटायला लागली. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि विज्ञान प्रत्यक्षात कसं चालतं हे त्यातून जास्त चांगलं कळतं. म्हणून ती इथे सुरुवातीपासून सांगतो.

व्यापार शिकायला पाठवलेला मुलगा

झ्विकीचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातल्या वार्ना या काळ्या समुद्राकाठच्या बंदरात झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस भागातले, वार्नामध्ये व्यवसायात स्थिरावलेले. आई चेक. तीन भावंडांत फ्रिट्झ थोरला. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा घरच्यांनी त्याला ग्लारुसला आजी-आजोबांकडे पाठवलं. बेत सरळ होता : पोराने शिकावं, व्यापार समजून घ्यावा आणि पुढे धंदा बघावा.

पोराने मात्र गणित आणि भौतिकशास्त्राची वाट धरली. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत, म्हणजे जिथे काही वर्षांपूर्वी आइनस्टाइन शिकला होता तिथेच, त्याचं शिक्षण झालं. १९२२ साली त्याला डॉक्टरेट मिळाली. विषय होता स्फटिक. मिठासारख्या स्फटिकातले विद्युतभारित कण एकमेकांना कशाने धरून ठेवतात, हा प्रश्न. हे लक्षात ठेवा, कारण अकरा वर्षांनी त्याने जवळपास हाच प्रश्न दीर्घिकांबद्दल विचारला : हा एवढा पसारा एकत्र राहतो तो कशाच्या जोरावर?

१९२५ साली रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप घेऊन तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात कॅलटेकला गेला. तिथे नोबेल विजेता रॉबर्ट मिलिकन होता. झ्विकी गेला तो स्फटिक आणि द्रवांवर काम करायला. पण पॅसाडेनाच्या डोक्यावरच माउंट विल्सनचा डोंगर आहे, आणि त्या डोंगरावर तेव्हाची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, १०० इंची. तिथे एडविन हबल आणि मिल्टन ह्यूमासन दीर्घिकांचे वेग मोजत होते. शेजारी असं काही चाललेलं असताना झ्विकीसारख्या माणसाचं लक्ष आपल्या टेबलावर राहणं कठीणच होतं. हळूहळू तो खगोलशास्त्रात शिरला तो कायमचा.

वेगावरून वजन कसं काढतात?

आता थोडं थांबून त्याची पद्धत समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

गोफण आठवा. दगड जितका जोरात फिरेल तितकी दोरी घट्ट ओढून धरावी लागते. समजा रात्रीची वेळ आहे, दगडाला एक छोटा दिवा लावलाय, आणि तुम्हाला दोरी दिसत नाही, फिरवणारा माणूसही दिसत नाही. फक्त गरगर फिरणारा प्रकाशाचा ठिपका दिसतोय. तरीही त्याचा वेग आणि वर्तुळाचा आकार मोजून तुम्ही सांगू शकता की त्याला किती जोराने ओढून धरलंय. आकाशात दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि गुरुत्वाकर्षण येतं वस्तुमानातून. म्हणजे वेग मोजला की वस्तुमान कळलं. ते वस्तुमान चमको वा न चमको.

वेग कसा मोजतात? फाटकाजवळ उभे असताना हॉर्न वाजवत येणारी गाडी आपल्याला ओलांडून गेली की हॉर्नचा आवाज अचानक खाली उतरतो. प्रकाशाचंही तसंच होतं. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश थोडा तांबड्या रंगाकडे सरकतो, जवळ येणाऱ्याचा निळ्याकडे. दुर्बिणीला वर्णपट काढायचं यंत्र जोडलं की हे सरकणं मोजता येतं आणि त्यावरून सेकंदाला किती किलोमीटर ते कळतं.

यात एक मर्यादा आहे. या पद्धतीने फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. दीर्घिका डावी-उजवीकडे किंवा वर-खाली किती पळतेय ते कळत नाही.

१९३३ चा हिशोब

अरुंधती केश नावाच्या तारकासमूहाच्या दिशेला, पण त्यातल्या ताऱ्यांच्या खूपच पलीकडे, दीर्घिकांची एक प्रचंड वस्ती आहे. तिला कोमा समूह म्हणतात. झ्विकीने हीच वस्ती निवडली.

पहिली पद्धत, म्हणजे दिसतं त्याची बेरीज. त्याने ८०० दीर्घिका धरल्या आणि प्रत्येकीचं वस्तुमान सूर्याच्या १०० कोटी पट धरलं. हे तेव्हाच्या माहितीवर आधारलेले अंदाज होते. एवढ्या वस्तुमानाच्या ओढीने बांधलेल्या समूहात दीर्घिकांचा सरासरी वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास असायला हवा, असं गणित सांगत होतं.

दुसरी पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला वेग. माउंट विल्सनवरून आलेल्या आकड्यांवरून त्या दीर्घिका एकमेकींच्या तुलनेत सेकंदाला १,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने हलत होत्या.

कुठे ८० आणि कुठे १,०००! मी हा हिशोब फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितला, तुम्हीही करा. १,००० भागिले ८० म्हणजे १२.५. वस्तुमान वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १२.५ चा वर्ग, साधारण १५६. आणि दुर्बिणीला तीनपैकी एकाच दिशेचा वेग दिसतो, म्हणून त्याची तिप्पट. उत्तर येतं ४६९. झ्विकीने आपल्या लेखात सावधपणे लिहिलं की समूहातलं द्रव्य दिसणाऱ्या द्रव्याच्या निदान ४०० पट असलं पाहिजे. नाहीतर हा समूह कधीच पांगून गेला असता. एवढ्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका धरून ठेवायला दिसणाऱ्या ताऱ्यांची ओढ पुरूच शकत नव्हती.

हा लेख एका स्विस नियतकालिकात जर्मन भाषेत छापून आला. १९३७ साली त्याने तोच विषय जास्त विस्ताराने इंग्रजीत मांडला. मधल्या काळात, १९३६ साली, माउंट विल्सनच्याच सिंक्लेअर स्मिथने कन्या राशीच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या एका समूहाचा असाच हिशोब केला आणि त्यालाही तसाच घोळ सापडला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. काळोख्या द्रव्याबद्दल बोलणारा झ्विकी हा पहिला माणूस नव्हता. नेदरलँड्सच्या याकोबुस काप्टाइनने १९२२ साली आणि यान ऊर्टने १९३२ साली आपल्या आकाशगंगेच्या संदर्भात न दिसणाऱ्या द्रव्याचा विचार केला होता. पण दीर्घिकांच्या अख्ख्या समूहात एवढी मोठी तूट आहे, हे आकड्यात मांडलं ते झ्विकीने.

एकाच डोक्यातून किती गोष्टी!

कृष्णद्रव्य हे झ्विकीच्या आयुष्यातलं एकच प्रकरण होतं. १९३४ साली त्याने आणि वाल्टर बाडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मिळून सांगितलं की काही तारे मरताना प्रचंड स्फोट होतो आणि मागे न्यूट्रॉनचा एक अतिशय घट्ट, छोटा तारा उरतो. या स्फोटांना आपण अतिनवतारा म्हणजे सुपरनोव्हा म्हणतो. गंमत बघा, न्यूट्रॉन या कणाचाच शोध तेव्हा जेमतेम दोन वर्षांपूर्वी लागला होता. असे तारे खरोखर आहेत याचा पुरावा मिळायला १९६७ साल उजाडावं लागलं, जेव्हा जोसेलिन बेलला पहिला पल्सार सापडला.

नुसतं सांगून तो थांबला नाही. अतिनवतारे शोधायला आकाशाचा मोठा तुकडा एका वेळी टिपणारी दुर्बीण लागते. फोनच्या भाषेत, झूम नव्हे तर वाइड अँगल. १९३६ साली पालोमार डोंगरावर १८ इंची श्मिट दुर्बीण बसली. त्या डोंगरावरची ती पहिली दुर्बीण. झ्विकी रात्र-रात्र तिच्यावर बसून तेच तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपायचा आणि जुन्या-नव्या फोटोंमध्ये नवा ठिपका शोधायचा. आयुष्यभरात त्याने असे सुमारे १२० अतिनवतारे शोधले.

१९३७ साली त्याने आणखी एक कल्पना मांडली. वस्तुमानामुळे प्रकाश वाकतो, हे आइनस्टाइनने सांगितलं होतं. एखादा तारा भिंगासारखं काम करून मागच्या ताऱ्याची प्रतिमा बदलेल, पण ते प्रत्यक्ष दिसणं जवळपास अशक्य आहे, असं आइनस्टाइनचं १९३६ चं मत होतं. झ्विकी म्हणाला की तारा सोडा, अख्खी दीर्घिकाच भिंग म्हणून वापरा. ती इतकी जड असते की परिणाम नक्की दिसेल, आणि प्रकाश किती वाकला यावरून तिचं वस्तुमानही कळेल. म्हणजे न दिसणारं द्रव्य मोजायची आणखी एक पद्धत त्याने स्वतःच सुचवून ठेवली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो एरोजेट या रॉकेट कंपनीत संशोधनाचं काम बघू लागला. त्या कामासाठी १९४९ साली त्याला अमेरिकेचं मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. नागरिकत्व मात्र त्याने शेवटपर्यंत स्विसच ठेवलं. युद्ध संपल्यावर, बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी त्याने विज्ञानाची पुस्तकं आणि नियतकालिकं गोळा करून परदेशी पाठवायचा मोठा उद्योग केला. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या पेस्टालोझी संस्थेतही तो बरीच वर्षं होता.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सहकाऱ्यांशी वागताना झ्विकीची जीभ भयंकर होती. जे पटत नाहीत त्यांना तो तोंडावर आणि छापूनही शिव्या घालायचा. ज्या बाडेबरोबर त्याने एवढं मोठं काम केलं, त्याच्याशीही पुढे इतकं बिनसलं की दोघं एका खोलीत बसेनात.

चाळीस वर्षं कोणी लक्ष का दिलं नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९३३ चा हिशोब समोर असताना जवळपास चाळीस वर्षं तो मागे का पडला?

भांडखोर स्वभाव हे उत्तर सोपं आहे आणि त्यात थोडं तथ्यही असेल. पण माझ्या मते तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही. सिंक्लेअर स्मिथलाही तसाच फरक सापडला होता, आणि त्याच्या निष्कर्षाचंही तेच झालं. म्हणजे कारणं आणखी होती.

एक, मोजलेल्या दीर्घिका फार कमी होत्या. तेव्हा एका अंधुक दीर्घिकेचा वर्णपट मिळवायला फोटोच्या काचेवर तासन् तास, कधी कधी अनेक रात्री प्रकाश पाडावा लागायचा. कोमा समूहातल्या मोजक्याच दीर्घिकांचे वेग हाताशी होते. मोजक्यांवरून शेकडोंबद्दल बोलायचं म्हटलं की शंका येणारच.

दोन, दुसरं स्पष्टीकरण शक्य होतं. समूह बांधलेला नसेलच तर? तो आत्ता पांगतच असेल तर? तसं असेल तर जास्तीच्या वस्तुमानाची गरजच उरत नाही. १९५० च्या दशकात व्हिक्टर अंबार्त्सुमियानसारखे नावाजलेले शास्त्रज्ञ हा मुद्दा गंभीरपणे मांडत होते.

तीन, खुद्द झ्विकीची प्रत्येक कल्पना बरोबर निघत नव्हती. दीर्घिकांचा प्रकाश तांबडा होतो तो त्या दूर जातात म्हणून नव्हे, तर लांबच्या प्रवासात प्रकाश थकतो म्हणून, असं त्याने १९२९ साली सुचवलं होतं. विश्व प्रसरण पावतंय हे त्याला मनापासून पटलंच नाही. प्रकाश थकण्याची कल्पना पुढे टिकली नाही. दहा भन्नाट गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या कुठल्या गोष्टी खऱ्या, हे त्या वेळी बाहेरून ओळखायचं कसं?

आकडा चुकला, प्रश्न बरोबर होता

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झ्विकीचा ४०० हा आकडाही चुकीचा होता. चूक नेमकी कुठे होती ते बघण्यासारखं आहे.

त्याने कोमा समूहाचं अंतर साधारण ४.५ कोटी प्रकाशवर्षं धरलं. हबलच्या तेव्हाच्या मोजमापावरून तेच निघत होतं. आज आपल्याला माहीत आहे की तो समूह ३० कोटी प्रकाशवर्षांहूनही लांब आहे, म्हणजे सुमारे सातपट दूर. लांबचा दिवा तेवढाच उजळ दिसत असेल तर तो मुळात खूप मोठा असला पाहिजे. अंतर सातपट झालं की दिसणारा प्रकाश, आणि त्याबरोबर ताऱ्यांचं वस्तुमान, सात गुणिले सात म्हणजे ४९ पटींनी वाढतं. वेगावरून काढलेलं वस्तुमान मात्र फक्त सातपट वाढतं. म्हणजे दोघांतली तूट सातपट कमी होते. ४०० चे झाले साठाच्या आत.

पुढे क्ष-किरण टिपणारी यंत्रं अवकाशात गेली आणि १९७० च्या दशकात कळलं की अशा समूहांत दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो. साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही. त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या मिळून कितीतरी पट असतं. म्हणजे झ्विकीच्या काळोख्या द्रव्यातला एक हिस्सा साधा गरम वायूच निघाला.

एवढं सगळं वजा करूनही हिशोब जुळला नाही. आजच्या मोजमापांनुसार विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य आहे. तारे, ग्रह, वायू, तुम्ही, मी आणि आपले फोन, हे सगळं मिळून उरलेलं १५ टक्के. शेकडो पटींची तूट पाच-सहा पटींवर आली, पण ती शून्यावर आली नाही. झ्विकीचा आकडा पडला आणि प्रश्न उभा राहिला.

त्याच्यानंतर लगेच

१९६८ साली झ्विकी निवृत्त झाला. त्याच सुमारास त्याचा आणि सहकाऱ्यांचा दीर्घिका आणि दीर्घिका समूहांचा सहा खंडांचा कॅटलॉग पूर्ण झाला. १९७२ साली ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी, पॅसाडेनात त्याचं निधन झालं. त्याला ग्लारुस भागातल्या मोलिस गावी दफन केलं, म्हणजे लहानपणी जिथे वाढला त्याच मुलखात.

त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत, दोन लेख आले. एक सोव्हिएत युनियनमधल्या एस्टोनियातून, यान एनास्टो आणि सहकाऱ्यांचा. दुसरा अमेरिकेतून, ऑस्ट्रायकर, पीबल्स आणि याहिल या तिघांचा. दोन्ही गटांनी सांगितलं की दीर्घिका दिसतात त्यापेक्षा खूप मोठ्या आणि खूप जड आहेत, आणि त्यांचं बहुतेक वस्तुमान काळोखात आहे. हे दोन लेख वाचायला झ्विकी उरला नव्हता.

दरम्यान दुसऱ्याच बाजूने पुरावा जमत होता. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याची नवी मोजमापं छापली. फोर्डने बनवलेल्या यंत्रामुळे अंधुक प्रकाशाचा वर्णपट खूप लवकर मिळायला लागला होता. आपल्या सूर्यमालेत सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो आणि लांबचा नेपच्यून फक्त ५.४. केंद्रापासून लांब गेलं की वेग कमी. दीर्घिकेतही बाहेरचे तारे सावकाश फिरायला हवेत. पण रुबिनला कडेपर्यंत वेग जवळपास तेवढाच दिसला. १९८० पर्यंत तिच्या गटाने २१ दीर्घिका तपासल्या. सगळीकडे तेच. रेडिओ दुर्बिणींनी ताऱ्यांच्याही पलीकडच्या हायड्रोजन वायूचा वेग मोजला. तिथेही तो खाली येत नव्हता.

बघा काय झालं. झ्विकीने दीर्घिकांचा समूह तपासला होता, रुबिनने एकेक दीर्घिका. वस्तू वेगळ्या, यंत्रं वेगळी, माणसं वेगळी. तरी न जुळणारा हिशोब तोच. मग शास्त्रज्ञांना मान्य करावं लागलं. माझ्या मते चाळीस वर्षं खरी कमी होती ती या दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची. एका माणसाने कितीही आरडाओरडा केला असता तरी ती जागा भरून निघाली नसती.

तिसरा पुरावाही झ्विकीच्याच सूचनेतून आला. १९७९ साली एका दूरच्या क्वासारच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी सापडल्या. मधल्या दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं होतं. आज गुरुत्वीय भिंग ही कृष्णद्रव्याचा नकाशा काढायची मुख्य पद्धत आहे. युरोपची युक्लिड ही अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी सुटली, ती हेच काम करते.

आपल्याकडेही या कामाची एक जागा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. २००५ साली तिच्या साहाय्याने एनजीसी ३७४१ या बुटक्या दीर्घिकेचा हायड्रोजन मोजला गेला. वायूची चकती दिसणाऱ्या दीर्घिकेच्या सुमारे आठपट लांबवर पसरलेली निघाली, आणि वेगाचा हिशोब सांगत होता की ही दीर्घिका कृष्णद्रव्यानेच भरलेली आहे. नाशिक रस्त्याने जाताना त्या तबकड्या दिसल्या तर आठवण ठेवा.

मग कृष्णद्रव्य आहे तरी काय?

हे अजून कोणालाही माहीत नाही. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, फक्त ओढतं. बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं की तो एखादा न सापडलेला कण असावा. तो पकडायला खाणींत आणि डोंगरांच्या पोटात अतिशय संवेदनशील यंत्रं बसवली आहेत. आजपर्यंत एकाही यंत्रात त्याची सर्वमान्य खूण मिळालेली नाही.

काही जण वेगळंच म्हणतात. इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोमने १९८३ साली सुचवलं की द्रव्य कमी नाहीये, गुरुत्वाकर्षणाचा नियमच अशा ठिकाणी थोडा बदलतो. एकेकट्या दीर्घिकांचं फिरणं या कल्पनेने बरंच चांगलं समजतं. दीर्घिकांच्या समूहांमध्ये मात्र ती अडखळते. २००६ साली बुलेट क्लस्टर या टक्कर झालेल्या दोन समूहांचा अभ्यास झाला. टकरीत गरम वायू मधे अडकला होता, पण भिंगाच्या पद्धतीने मोजलेलं बहुतेक वस्तुमान पुढे निघून गेलेलं दिसलं. वस्तुमान एकीकडे आणि दिसणारं बहुतेक साधं द्रव्य दुसरीकडे, हे नुसता नियम बदलून समजावणं फार अवघड जातं. तरीही कण हातात येईपर्यंत हा वाद पूर्ण मिटला असं म्हणता येणार नाही.

आज पालोमारवरच्या एका दुर्बिणीवर सुमारे ६०० मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवलाय आणि तो रोज रात्री आकाश टिपून नवे ठिपके शोधतो. झ्विकी करायचा तेच काम, फक्त आता कॉम्प्युटर करतो. त्या प्रकल्पाला झ्विकीचंच नाव दिलंय. आणि चिलीमध्ये ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेली वेधशाळा व्हेरा रुबिनच्या नावाने उभी आहे. तिचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले. पुढची दहा वर्षं ती दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार आहे.

एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर गेलात तर फोनवर आकाशाचा नकाशा दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा. सिंह राशीच्या शेपटीतली उत्तरा फाल्गुनी आणि नारिंगी चमकणारी स्वाती शोधा. या दोघींच्या मधे, किंचित उत्तरेला, अंधुक ताऱ्यांचा पुंजका आहे. तेच अरुंधती केश. झ्विकीच्या दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. पण त्या त्याच दिशेला आहेत, सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने धावतायत, आणि तरीही एकमेकींना सोडून गेलेल्या नाहीत. त्यांना कोणी धरून ठेवलंय, हा प्रश्न १९३३ पासून उत्तराची वाट बघतोय.